शेंडेफळाचा बुडखा

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी भोंग्याचा फोन आला. भोंगा म्हणजे कागद कारखान्याचा जुना हजेरीबाबू. आवाज असा की कारखान्याचा खरा भोंगा बंद पडला असता तरी कुणाची पाळी चुकली नसती. आता पंच्याऐंशीचा आहे, पण मी फोन कानापासून वीतभर लांब धरूनच बोलले.

"करमणूक खोली पाडतायत. टेबल विकलं. पंधरा मार्चला दुपारी शेवटचा खेळ. जुने राहिलेत तेवढे सगळे येणार. शेंडेफळ येतंय ना?"

मी एकसष्ट वर्षांची आहे. मला शेंडेफळ म्हणणारं माणूस जगात अजून शिल्लक आहे हे ऐकून इतकं बरं वाटलं की पुढचामागचा विचार न करता हो म्हणून बसले. बाबा दिवसा कारखान्यात कागद कापायच्या यंत्रावर असायचे आणि संध्याकाळी कामगारांच्या करमणूक खोलीतलं पूलचं टेबल सांभाळायचे. मी दारात दिसले की ओरडायचे, "शेंडेफळ आलं, वाट द्या!" आणि धिप्पाड माणसं खुर्च्या सरकवून वाट द्यायची. त्या खोलीत येणारी मुलगी मी एकटीच.

फोन ठेवल्यावर कपाटातून काठी काढली. काठी म्हणजे अर्धी काठी. पूलची काठी दोन तुकड्यांची असते. पुढचा निमुळता तुकडा, ज्याच्या टोकाने चेंडू मारायचा, त्याला बाबा शेंडा म्हणायचे. मागचा जाड, मुठीत धरायचा, तो बुडखा. मधे पितळी आटे, फिरवून जोडायचं. बाकीचं जग शाफ्ट आणि बट म्हणतं, आमच्या घरात शेंडा आणि बुडखा.

शेंडा माझ्याकडे आहे. बुडखा दादाकडे. चोवीस वर्षं झाली.

दादाकडे मागणार नाही. नवा करून घेईन. साधा, एकाच लाकडाचा, बाबांच्यासारखा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, बट कशी हवी?" मी चौतीस वर्षं दैनिकात प्रूफं तपासली. बट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कपाळावर आलेले केस येतात, त्याला मी काय करू? पूल या शब्दाचंही तेच. एकदा आमच्या अंकात 'पूल स्पर्धेचा समारोप' ही बातमी नदीवरच्या नव्या पुलाच्या फोटोखाली छापली गेली होती. ती चूक माझी नव्हती. सुट्टीवर होते. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं होतं.

दुकानदाराने काचेवर सात-आठ बुडखे मांडले. एकावर चार रंगांच्या लाकडांचे भाले एकात एक बसवलेले, एकावर चंदेरी कड्या, एकावर रबराची पकड, एकावर चक्क ज्वाळा ओकणारा प्राणी.

"साधा नाही का? एकाच लाकडाचा, वरून काही न चिकटवलेला?"

"साधा आता कोण घेतं, मॅडम? साधा म्हणजे दिसायला काहीच नाही."

मी म्हटलं, "मला खेळायचंय, मिरवायचं नाहीये." तोंडातून निघालं आणि लक्षात आलं की हे माझं वाक्यच नाही. कारखान्यातले हौशी लोक नक्षीच्या काठ्या आणायचे तेव्हा बाबा हसत हेच म्हणायचे. वर सांगायचे, "हात जिथे टेकतो तिथे जोड नको. बोटांना जोड कळतो. मग लक्ष चेंडूवर राहत नाही."

हात हलवत परत आले.

९ फेब्रुवारी, सोमवार

दादाकडे जाऊन आले. वहिनींचा फोन होता, "वन्सं, येऊन जा एकदा. आवराआवर काढलीय." दोघं मार्चअखेर मुलाकडे जाणार आहेत राहायला, कायमची. विमानानेही सात तास लागतात म्हणे. मला हे आवराआवरीच्या बोलण्यात कळावं! सख्खी बहीण आहे मी.

घरभर खोकी. दादा खिडकीपाशी बसला होता, उजवा हात खिशात. मी गेले तरी हात खिशातून काढला नाही, उठला नाही. सहासष्ट वर्षांचा माणूस, आल्या-गेल्याशी कसं वागावं एवढं कळायला हवं. वहिनींनी चहा आणला तर कप अर्धा! दादाचाही अर्धा, माझाही अर्धा. या घरात पूर्वी चहा बशीत सांडेपर्यंत ओतायचे. जायच्या आधीच हात आखडला आहे, दुसरं काय.

"भोंग्याचा फोन आला होता," मी म्हटलं.

"मलाही आला होता," दादा म्हणाला.

"मग जाणार आहेस?"

"बघू."

एवढंच. मला वाटलं होतं की आता तरी तो म्हणेल, अगं, बुडखा आहे माझ्याकडे, घेऊन जा. त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. मग मीही धरली. आम्ही भावंडं या एका बाबतीत अगदी सारखी आहोत.

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. दुकानात साधा बुडखा मिळाला नाही, हे मी त्यांना सांगितलं. हळूच म्हणाल्या, "नवा बुडखा करून घ्यायचा असला तर घड्याळाच्या चौकातल्या बोळात एक कातारी आहे. लाकूड कातण्यात त्याचा हात धरणारा नाही कुणी. आमचं नाव सांगा."

त्यांना खेळातलं ओ का ठो कळत नाही, पण माणूस बरोबर सांगितला. शेवटी घरातल्या वस्तूंची डागडुजी बायकांनाच बघावी लागते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काल घरी आल्यापासून तो दवाखाना डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून एकदा लिहून मोकळी होते.

बाबांचं अर्धं अंग गेलं होतं. तोंड वाकडं झालेलं, एकेक शब्द ओढून आणावा लागायचा. शेवटच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना होतो. बाबा म्हणाले, "काठी..." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "शेंडे..." आणि ठसका लागला. दादा लगेच म्हणाला, "शेंडा हिला, बुडखा मला. हो ना, बाबा?" बाबांनी चांगला हात उचलून हलवला. तो हो आहे असं आम्ही धरलं.

'शेंडा'चं 'शेंडे' झालं, काना जाऊन मात्रा आली. वाकड्या तोंडाने म्हणणाऱ्या माणसाची मी एवढीशी चूक धरली नाही. जन्मात एकदाच सोडली असेल अशी चूक.

तेराव्या दिवसाच्या सुमाराला आम्ही ती काठी सोडवली. दादाने फिरवली, मी शेंडा धरला. पितळेचा तो आवाज अजून कानात आहे. जगात असं वाटप कुणी केलं नसेल. अर्ध्या काठीने ना त्याला खेळता येणार ना मला, हे दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही. मी वाट बघत होते की तो म्हणेल, ने गं सगळी. तो कसली वाट बघत होता कोण जाणे.

त्यानंतर आम्ही भांडलो असं नाही. येणं-जाणं राहिलं, बोलणं राहिलं. पण पूर्वी आम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर पडून हसायचो, ते गेलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कातारी म्हणजे माझ्याच वयाचा, भुवयांवर भुसा, कानाला पेन्सिल. आयुष्यभर खुर्च्यांचे पाय आणि जिन्यांचे कठडे कातले, आता हौसेने काठ्या करतो. दुकानात लाकडाचा असा वास की मला तिथेच बसून राहावंसं वाटलं.

मी शेंडा दाखवला. त्याने आट्यांत बोट घातलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मागे वळून काड्यापेटीतून एक पितळी स्क्रू काढला. फिरवला. मेणात बसावा तसा बसला! माप नाही, मोजणी नाही, पहिल्या फटक्यात. अनुभव म्हणतात तो हा.

"बुडखा पाहिजे ना?" तो म्हणाला.

बट नाही, बुडखा. मी खूश झाले. शहाण्या माणसाच्या तोंडी शब्दही शहाणा येतो.

"एकाच लाकडाचा पाहिजे," मी म्हटलं.

"करू. पण आधीच सांगतो, बाई, साधं काम सगळ्यांत अवघड. चार तुकडे जोडले की एकाची खोड दुसऱ्यात लपते. एकटं लाकूड वाकलं की वाकलं. म्हणून थोडं कातायचं, आठवडाभर उभं टांगून ठेवायचं, परत थोडं कातायचं. घाई असेल तर दुकानातला घ्या."

"पंधरा मार्चपर्यंत?"

"लाकूड तयार आहे. बघू ते काय म्हणतंय."

त्याने तीन चौकोनी दांडे पुढे ठेवले. एक काळसर, अंगावर लाटांसारख्या रेघा, बघत राहावं असा. एक लालसर. एक फिकट तपकिरी, सरळ रेघांचा, शाळेच्या बाकासारखा. मी काळसर उचलला. कातारी म्हणाला, "हा?" मी म्हटलं, "हाच." त्याने दांडा माझ्या हातून घेतला. पेन्सिलीने त्याच्यावर फुली मारली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काताऱ्याचा निरोप आला म्हणून गेले. काळसर लाकूड वाकलं होतं. टेबलावर ठेवून त्याने ते घरंगळवलं तर ते लंगडत गेलं.

"रेघा सुंदर होत्या," मी म्हटलं.

"रेघा वळतात तिथे लाकूडही वळतं. मला वाटलंच होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या आनंदाने उचललात."

शरम वाटली. दुकानदाराला ऐटीत सुनावलं होतं की मला मिरवायचं नाही, आणि साधा साधा म्हणत सगळ्यांत देखणा दांडा उचलला. बाबा असते तर मिशीत हसले असते. फिकट तपकिरी, बाकासारखा, तो घ्या म्हटलं. काताऱ्याने तो बोटाच्या पेराने वाजवला, मलाही वाजवायला लावला. स्वच्छ वाजला. "याच्या पोटात काही नाही," तो म्हणाला. "जे आहे ते वरच दिसतंय."

मग कागदावर माझ्या हाताचं माप घेतल्यासारखं केलं. मला तरी ते घेतल्यासारखंच वाटलं, कारण लिहिलं काहीच नाही.

३ मार्च, मंगळवार

लाकूड टांगलेलं आहे. करण्यासारखं काही नाही, म्हणून दिवसभर ती खोली आठवत बसले.

भिंतीला पिवळट रंग, वर दोन दिवे, त्यांना कारखान्यातल्याच जाड कागदाच्या टोप्या. ओल्या लगद्याचा वास सगळ्यांच्या कपड्यांना. मी टेबलापर्यंत पोचावं म्हणून बाबांनी कागदाच्या रिळाचं लाकडी चाक आडवं ठेवलं होतं, त्यावर उभी राहून मी खेळायची. दादाला चाक लागत नव्हतं, पण मी चढले की तोही चढायचा, आणि मग ढकलाढकली.

काठी एकच. बाबांचा नियम एकच, चुकलं की काठी दुसऱ्याच्या हातात. कुरकुर नाही, 'अजून एकदा' नाही. दादा चुकला की काठी माझ्याकडे द्यायच्या आधी बुडखा सदऱ्याला पुसायचा. त्याच्या हाताला घाम फार यायचा. मी कधी पुसला नाही. मला तो घामट, कोमट बुडखा हातात घ्यायला आवडायचं, असं आता आठवतंय. तेव्हा मी 'शी!' म्हणायची.

खेळ संपला की टेबलाला ब्रश मारणं, खडूचा निळा भुगा झाडणं, खुर्च्या लावणं हे सगळं दादा करायचा. मी चाकावर बसून बाबांशी गप्पा मारायची. शेंडेफळाला कामं नसायची.

९ मार्च, सोमवार

झाला! बुडखा झाला.

दिसायला काहीच नाही. गुळगुळीत, फिकट, टोकाला छोटं काळं रबर. हातात घेतला आणि बोटं आपोआप जागेवर गेली. किती जाड, कुठे निमुळता, वजन कुठे, सगळं जसं मनात होतं तसं. मी काही सांगितलंही नव्हतं धड. शेंडा जोडला, दुकानातल्या फळीवर झुकले आणि एक मोकळाच फटका मारला. डोळ्यांत पाणी आलं. काताऱ्याला म्हटलं, भुसा गेला.

"लाकडाचा भुसा फार जातो डोळ्यांत," तो म्हणाला. "आणखी एक गिऱ्हाईक आहे, त्याच्याही जातो."

संध्याकाळी वहिनींचा फोन. "कसा झालाय? हातात नीट बसतोय का?" मी म्हटलं, "अगदी." पलीकडे त्यांनी कुणाला तरी "बसतोय हं" असं सांगितलं. बहुधा मोलकरणीला खोक्याबद्दल.

१२ मार्च, गुरुवार

आज काय झालं ते कसं लिहू?

काठीला कापडी पिशवी शिवली. जुन्या पडद्याचं जाड कापड, लांबट आणि चिंचोळं, काठीपुरतंच. हौस म्हणून वर शाईने नाव घालायचं ठरवलं. भोंग्याला हसू येईल म्हणून 'शेंडेफळ' लिहायला घेतलं. अक्षरं मोठी काढली. पिशवी अरुंद. 'शेंडे' एवढ्यातच कापड संपलं. प्रुफात करायचो तसं छोटी रेघ काढून शब्द तोडला, 'फळ' खालच्या ओळीत नेणार, आणि हात तिथेच थांबला.

पिशवीवर फक्त 'शेंडे' होतं.

काठी. शेंडे.

मात्रा चुकली नव्हती. शब्द तुटला होता. ठसका लागला म्हणून पुढची ओळ आलीच नाही. बाबा शेंडा म्हणत नव्हते, शेंडेफळ म्हणत होते. काठी शेंडेफळाला. आणि दादाने विचारल्यावर त्यांनी हात हलवला तो हो नव्हता. नाही होता. नाही, नाही, असं नाही!

ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द शोधण्याचा मला पगार मिळत होता. चौतीस वर्षं. आणि माझ्या बापाचा शेवटचा शब्द मी असाच सोडून दिला.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळपासून घरात येरझाऱ्या घालतेय. काठी माझी होती, सगळी. दादा पलंगाच्या पलीकडेच होता, त्यालाही तेच ऐकू आलं. त्याला कळलं नसेल? इतक्या चटकन 'बुडखा मला' कसं सुचलं?

परवा सगळ्यांसमोर विचारणार आहे. भोंग्यासमोरच. चोवीस वर्षं मी मन मोठं केलं, त्याने मला शेंडी लावली.

दुपार. परत वाचलं तर वरचं सगळं खोटं वाटतंय. खरंच मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं? का मला कुठेतरी शंका होती आणि तिचं तोंड मी मात्रेच्या सबबीने बंद केलं, कारण मला काठी मागून नको होती, दादाने आपण होऊन द्यायला हवी होती? मला ठाऊक नाही. आणि तो पंधरा दिवसांनी जाणार. विचारलं तर कदाचित शेवटचं बोलणं तेच. नाही विचारलं तर कायम घशात अडकलेलं राहणार.

पिशवीवर 'फळ' अजून लिहिलेलं नाही.

१५ मार्च, रविवार

सावकाश लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

खोली बरीच लहान निघाली. भिंतीचा रंग तोच. जुने सात जण आले होते, त्यातले दोघं काठी टेकत, पण चालायची काठी. भोंगा दारातून ओरडला, "शेंडेफळ आलं, वाट द्या!" आणि त्या म्हाताऱ्यांनी खरंच खुर्च्या सरकवल्या. मी तिथेच रडले असते, पण मला भांडायचं होतं.

दादा भिंतीकडच्या बाकावर होता. वहिनी शेजारी. त्याच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. घरी पाठ केलेलं वाक्य ओठांवर होतं. त्याने वर न बघताच म्हटलं,

"बाबा शेंडेफळ म्हणत होते."

माझं वाक्य गेलं कुठल्या कुठे.

"कधी कळलं तुला?"

"तिथेच. त्यांनी हात हलवला तेव्हा."

"आणि गप्प बसलास? चोवीस वर्षं?"

"तू चुका काढणारी. मला वाटलं आता म्हणेल, मग म्हणेल. तू काही बोलली नाहीस. मग वाटलं, तुला चालतंय. मग वाटलं, आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"मला वाटलं मात्रा चुकली!" मी ओरडले. सगळे आमच्याकडे बघायला लागले. भोंग्याने तर खुर्ची जवळ ओढली.

दादा वर्तमानपत्र सोडायला लागला. तेव्हा मला त्याचा उजवा हात दिसला. थरथरत होता, थांबतच नव्हता. दोरीची गाठ त्याला सुटेना. वहिनींनी हळूच हात पुढे केला आणि सोडवली. खिशातला हात, अर्धे भरलेले कप. अगं बाई, मी काय काय लिहून ठेवलंय या वहीत! वहिनींकडे बघायची मला लाज वाटली.

आत बुडखा होता. बाबांचा. फिकट तपकिरी, सरळ रेघांचा. मी माझा पिशवीतून काढून शेजारी धरला. जुन्याचा रंग गडद झाला होता, एवढाच फरक. जुळी भावंडं.

"काताऱ्याला माप कुणी दिलं असेल?" दादा म्हणाला. "महिनाभर हा त्याच्या दुकानात होता. तू नवा करणार असं हिच्याकडून कळलं, मी नेऊन ठेवला. म्हटलं हुबेहूब कर. तुझं काम भागेल आणि माझंही झाकलं जाईल. मग तिथे नवा बघितला, आणि राहवेना."

"काताऱ्याने पत्ताही लागू दिला नाही."

"मीच बजावलं होतं."

"पण का, दादा? मागितली असतीस तर मी दिली असती की!"

त्याने बुडख्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "या खोलीत सगळं तुझ्या नावाचं होतं. शेंडेफळाचं चाक, शेंडेफळाचा खडू. मी रोज टेबल झाडायचो. मला एक तरी वस्तू हवी होती त्यांची. त्यांनी तीही तुला म्हटली, तर मी चटकन मधे पडलो."

मला या गोष्टीचा चोवीस वर्षांत एकदाही विचार सुचला नव्हता. त्याच्याशेजारी बाकावर बसले आणि मोठ्याने रडले. तोही रडला. भोंगा म्हणाला, "टेबल पाच वाजता उचलणार आहेत," आणि ते त्याने नेहमीच्या आवाजात म्हटल्यामुळे आम्हाला हसू फुटलं.

शेंडा मी धरला, बुडखा दादाने. त्याला फिरवता येईना, म्हणून मी शेंडाच फिरवला. पितळेचा तोच आवाज, उलट्या दिशेने.

एकाच काठीने खेळलो. चुकलं की दुसऱ्याच्या हातात. दादाचा हात काठी धरल्यावर जरा थांबायचा, पण फटक्याच्या वेळी सुटायचा. तो सारखा चुकत होता. मी मुद्दाम चुकले नाही. या खोलीत तसं चालत नव्हतं, आणि त्याला ते कळलं असतं. पण काठी परत देताना दर वेळी तो बुडखा सदऱ्याला पुसायला जायचा. तिसऱ्या खेपेला मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "राहू दे. दे तसाच."

मी जिंकले. शेवटचा चेंडू कोपऱ्याच्या खिशात गेल्यावर दादाने सवयीने ब्रश उचलला. मी दुसऱ्या बाजूने खडूचा भुगा झाडायला घेतला. पाचला माणसं येऊन टेबल घेऊन गेली. अगदी स्वच्छ टेबल नेलं त्यांनी.

२८ मार्च, शनिवार

दोघं गेले. विमानतळावर दादाला पिशवी दिली. त्याने हाताने चाचपून पाहिलं.

"हा नवा आहे."

"हो. जुना माझा. बाबांनी सांगितलंय."

"अगं, नुसता बुडखा घेऊन मी काय करू? याला शेंडा कुठाय?"

"शेंडा माझ्याकडे राहील. तुला खेळायचं असेल तेव्हा कळव, मी घेऊन येते. आटे तेच आहेत."

वहिनी म्हणाल्या, "तुम्हा दोघांच्या बोलण्याला ना शेंडा ना बुडखा!" आणि आपण काय बोललो ते कळून स्वतःच इतक्या हसल्या की पासपोर्ट खाली पडले. मी वहिनींना मिठी मारली. अर्ध्या कपाबद्दल माफी मागायची होती, पण त्यांना मुळात ठाऊकच नाही मी काय समजले होते. मनात मागितली.

दादाने पिशवीवरचं वाचलं. "शेंडे? एवढंच? पुढची अक्षरं राहिलीत तुझी."

"राहू दे," मी म्हटलं. "तुला कळतंय ना."

घरी आल्यावर जेवावंसं वाटलं नाही.

२ एप्रिल, गुरुवार

आज दादाचा पहिला निरोप आला. डाव्या हाताने टाइप केला असावा. पोचल्याचं नाही, प्रकृतीचं नाही, काही नाही. तिथे घराजवळ एक खोली आहे म्हणे, दोन टेबलं, एक चांगलं. आणि खाली एकच ओळ:

"बूडखा खिडकीत उभा केलाय. शेंडेफळ कधी येतय?"

'बूडखा'तला 'बू' दीर्घ, आणि 'येतंय'वर अनुस्वार नाही. दोन चुका. दोन्ही सोडून दिल्या, आणि तिकिटाची चौकशी करायला बाहेर पडले.